गमऱ्यांचं न लिहिलेलं नाटक

सहदेव गमरे यांच्या हातून उभ्या आयुष्यात शुद्धलेखनाची म्हणावी अशी चूक झाली नव्हती. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात तेहतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने गोल केल्या, आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांच्या भाषणातलीही एक वेलांटी खाजगीत दुरुस्त करून दिली. असा माणूस चुकतो तेव्हा साधासुधा चुकत नाही. पाचशे प्रतींत चुकतो.

झालं होतं असं, की रत्नागिरीच्या ‘रंगसोबती नाट्यमंडळा’ने यंदा चार पानी पत्रिका काढायचं ठरवलं. सभा नेहमीप्रमाणे अध्यक्ष राजेंद्र शेट्ये यांच्या दुकानामागच्या गोदामात, फ्रिजच्या खोक्यांमध्ये भरली होती. शेट्ये म्हणजे विजेच्या वस्तूंचे व्यापारी, मंडळाचे अध्यक्ष आणि मंडळाच्या प्रत्येक नाटकाचे नायक. वय अठ्ठावन्न. मंडळाच्या एका जुन्या कौटुंबिक नाटकात ते गेली अकरा वर्षं कॉलेजातून नुकतेच बाहेर पडत आहेत.

“पुण्याची मंडळं बघा,” शेट्ये वॉशिंग मशिनवर हात टेकून म्हणाले. “हंगाम जाहीर करतात. कोणती नाटकं येणार, सभासदांचं काय चाललंय, सगळं छापून. आपण नुसते व्हॉट्सॲपवर फुलं पाठवतो. गमरे, तुम्ही चिटणीस आहात. होऊन जाऊ दे.”

गमरे चिटणीस होते आणि प्रॉम्प्टरही होते. बावीस वर्षं विंगेतल्या लाकडी स्टुलावर बसून त्यांनी मंडळाची सगळी नाटकं कुजबुजत केली होती. शेट्ये विसरायचे, गमरे पुरवायचे, आणि टाळ्या शेट्ये घ्यायचे. याबद्दल गमऱ्यांची तक्रार नव्हती. आवक एकीकडे आणि जावक दुसरीकडे, हे त्यांना नोकरीपासूनच ठाऊक होतं.

पत्रिकेतली सभासदवार्ता त्यांना वाटली त्यापेक्षा अवघड निघाली. नेपथ्य आणि प्रकाशयोजना सांभाळणारे मुसाभाई फणसोपकर हे त्यांचे जुने मित्र. कुवेतला वीस वर्षं सुतारकी करून परत आलेले. ते आधी “माझी कसली वार्ता” म्हणाले, आणि मग म्हणाले, “गुडघा बदलला, ते टाक.” आता गुडघा बदलल्याची बातमी मंडळाच्या भाषेत कशी द्यायची? गमऱ्यांनी एक दुपार घालवली आणि ‘श्री. मुसा फणसोपकर यांच्या उजव्या गुडघ्याचे नूतनीकरण यशस्वीरीत्या पार पडले’ असं वाक्य सिद्ध केलं. शेजारचे रामा नागवेकर, एसटीचे निवृत्त कंडक्टर, मंडळाचे सभासद नव्हते, पण त्यांची नात सानवी शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत आली होती आणि तेही कुंपणावरून हलेनात. तेव्हा ‘सभासदांचे शेजारी’ असं एक उपशीर्षक करावं लागलं.

शेवटची बातमी मात्र गमऱ्यांनी दोनदा लिहून दोनदा खोडली. नाझिया होडेकर, मंडळाची नायिका, हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणारी, मे महिन्यात नोकरी सोडून नवऱ्याकडे कतारला कायमची जाणार होती. तिनेच फोन करून सांगितलं होतं, “भाऊ, अगदी शेवटी टाका. बारीक अक्षरात.” त्यांनी शेवटी टाकली. बारीक अक्षरात टाकली तरी ती बातमी काही बारीक होईना.

राहिला नाटकांचा भाग. पहिलं नाटक शेट्यांचं कॉलेजवालं. दुसरं बालनाट्य, ज्यात मुसाभाई स्वतः झाड बनवतात आणि ते झाड दर प्रयोगात कोणाच्या तरी अंगावर येतं. तिसरं ठरलं नव्हतं. पण शेट्ये म्हणाले, हंगाम म्हटला की तीन नाटकं हवीतच, दोन म्हणजे नुसती दोन नाटकं. म्हणून गमऱ्यांनी सरळ सरकारी पद्धतीने लिहिलं : ‘तिसरे नाटक – नाव नंतर कळवू. लेखक –’ आणि पुढे जागा मोकळी सोडली. त्याखाली संपर्कासाठी स्वतःचं नाव घातलं.

छापखान्यात अक्षरजुळणी करणारी तेजल फार हुशार बाई. दोन मुलांचा अभ्यास फोनवर घेत घेत ती लग्नपत्रिका जुळवते. मोकळी जागा तिला सहन होत नाही. तिने लेखकापुढची मोकळी जागा बघितली, खालचं नाव बघितलं आणि दोन्हीचं लग्न लावून टाकलं. पान भरायला अक्षरंही जरा मोठी घेतली.

गमऱ्यांनी मुद्रित तपासलं नाही असं नाही. त्याच पानावर त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ पकडले आणि तेजलला समजावूनही सांगितले. पण स्वतःचं नाव छापलेलं दिसलं की डोळे त्यावरून अलगद घसरतात, त्यात तपासण्यासारखं काही असेल असं वाटत नाही. पाचशे प्रती निघाल्या, वाटल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या जेटीवर फिरताना गमऱ्यांना पाठीवर थाप बसली.

“छुपे रुस्तम!” रामा नागवेकर पत्रिका फडकावत होते. “इतकी वर्षं शेजारी राहतो मी, आणि कळू दिलं नाहीत?”

गमऱ्यांनी पत्रिका हातात घेतली. पान तीनवर ठसठशीत अक्षरात होतं :

‘नाव नंतर कळवू’
दोन अंकी नवे कोरे नाटक
लेखक : सहदेव गमरे

‘दोन अंकी नवे कोरे’ हे तेजलने ओळ अर्धवट दिसत होती म्हणून घातलं होतं. तिने नंतर तसं मोकळेपणाने सांगितलं.

“ही चूक आहे,” गमरे म्हणाले.

“असं प्रत्येक लेखक म्हणतो,” नागवेकर म्हणाले. “पण नाव झकास. स्थळं बघणाऱ्यांवर दिसतंय. पोहे खातात, चहा पितात आणि ‘नंतर कळवू’ म्हणून जातात. माझ्या बहिणीच्या वेळेला एकवीस जण असे गेले. पण गमरे, एक सांगतो. सुरुवातीला शिमग्याच्या खेळ्यांसारखं नमन पायजे. संकासुर नाचला की माणसं जागची हलत नाहीत.”

घरी येईपर्यंत सात जणांनी अभिनंदन केलं आणि एका बाईंनी नाटक आपल्या मोठ्या दिरावर बेतलंय का असं विचारलं. घरात विमलाबाई, म्हणजे गमऱ्यांच्या पत्नी, पत्रिका उघडून बसल्या होत्या.

“अहो, कधी लिहिलंत?” त्यांनी विचारलं. “रोज तर नऊला घोरता.”

गमऱ्यांनी ताबडतोब शुद्धिपत्रकाचा मसुदा केला. शुद्धिपत्रकावर त्यांची श्रद्धा होती. जगात अशी चूक नाही जी ‘ऐवजी’ आणि ‘असे वाचावे’ या दोन शब्दांत बसत नाही, असं त्यांना वाटे. मसुदा घेऊन ते दुकानात गेले तर शेट्ये त्यांच्याकडे न बघता गिऱ्हाईकाला मिक्सर दाखवत राहिले.

“या, लेखक,” अखेर ते म्हणाले. “माझा फोटो तिकिटाएवढा, आणि तुमचं नाव तळहाताएवढं. मनात होतं तर सभेत सांगायचं ना. मी अडवलं असतं का?”

“शेट्येसाहेब, छापखान्यात चूक झाली.”

“छापखान्याला तुमच्याच नावाची चूक बरी सुचली!”

हे वाक्य गमऱ्यांना लागलं. तेहतीस वर्षांत त्यांनी कोणाची टाचणीही खिशात घातली नव्हती, आणि आज त्यांच्यावर एक अख्खं नाटक ढापल्याचा आळ होता. तेही नसलेलं नाटक. ते ताडकन म्हणाले, “उद्या शुद्धिपत्रक निघेल,” आणि मिक्सर चालू असल्यामुळे ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

शुद्धिपत्रक निघालं नाही, कारण संध्याकाळी नाझिया घरी आली.

“भाऊ, पूर्णगडहून फोन होता,” ती दारातूनच म्हणाली. पूर्णगड तिचं माहेर. पत्रिकेची एक प्रत तिने आईला, फातिमाबींना पाठवली होती. त्यांनी ती गावातल्या उत्सव समितीच्या मैनाताई डोर्लेकरांना दाखवली. “समितीने तुमचं नाटक ठरवलंय. एप्रिलमध्ये. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नावही गेलं.”

“अगं, पण नाटक नाही!”

“नाही म्हणजे?”

गमऱ्यांनी सगळं सांगितलं. नाझिया आधी हसली. मग हसायची थांबली.

“आईने मला कधी स्टेजवर बघितलं नाही,” ती म्हणाली. “पायाने अधू, तिला इथे आणणं होत नाही. म्हटलं जायच्या आधी एकदा तिच्या अंगणात होईल. दुसरं कुठलं नाटक न्यायचं तर कॉलेजवालंच. भाऊ, चौदा नाटकांत मी शेट्यांची बायको झाले. एकात दोनदा झाले. आईसमोर तरी मला शेट्यांची बायको व्हायला लावू नका.”

स्वयंपाकघरातून विमलाबाई बाहेर आल्या, टेबलावरचा शुद्धिपत्रकाचा मसुदा त्यांनी उचलला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “इथून सुरू करा.”

गमऱ्यांनी सुरू केलं. पहिला प्रवेश चार दिवसांत झाला. तो असा होता : ‘विषय – नायिकेच्या प्रवेशाबाबत. उपरोक्त विषयान्वये नायिका डावीकडून प्रवेश करते. तिच्या हाती कागद असून तो तिने रीतसर पुढे करावा.’

“हे नाटक आहे की परिपत्रक?” विमलाबाईंनी विचारलं.

गमरे दुखावले. पण दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनाही शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहावंसं वाटलं, तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. नागवेकर रोज संकासुराची आठवण करून देत आणि भूतही सुचवत, कारण पूर्णगडला किल्ला आहे आणि किल्ला असून भूत नाही म्हणजे गावकऱ्यांचा अपमान. तेजलने फोनवर सांगितलं की नायिकेला दोन मुलं असावीत आणि नवऱ्याने एकदाही अभ्यास घेऊ नये. पण सगळ्यात उपयोगाचं बोलले ते मुसाभाई, तेही सल्ला न देता. गॅलरीत पाय लांब करून, नव्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, “मला कुवेतच्या एजंटाने दोन वर्षं हेच सांगितलं. ‘नंतर कळवू.’ दर गुरुवारी मी जायचो. तो मान वर करायचा नाही. मला त्याचा भांगच ठाऊक. तोंड कसं होतं ते आजही सांगता यायचं नाही.”

गमऱ्यांना आठवलं, की आवक-जावकच्या खिडकीवर ते स्वतःही वर बघत नसत. बघायला वेळ कुठे असायचा? आणि त्यांचा भांग किती लोकांना ठाऊक असेल, हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं. एक खिडकी, खिडकीमागे मान खाली घातलेला कारकून, आणि एक बाई. बाई पहिल्यांदा येते ती शाळेच्या दाखल्यासाठी, मग नोकरीसाठी, मग बदलीसाठी, नवऱ्याच्या पासपोर्टसाठी, आईच्या पेन्शनसाठी. केस पांढरे होत जातात आणि कारकून म्हणतो, “नंतर कळवू.” बाईच्या तोंडी मात्र त्यांनी सगळ्यांची वाक्यं घातली : नागवेकरांच्या बहिणीची, तेजलची, मुसाभाईंची. काही विमलाबाईंचीही होती. वाचताना त्या दोन ठिकाणी थांबल्या आणि रात्री भाकरीबरोबर गमऱ्यांच्या आवडीची सुक्या जवळ्याची चटणी केली. लेखक म्हणून गमऱ्यांना मिळालेली ती पहिली पावती.

कारकुनाची भूमिका कोणी करायची हा प्रश्नच नव्हता. शेट्यांनी अबोला सोडला होता, कारण तालमीला न येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी गोदामात उभं राहून संहिता चाळली, पुन्हा चाळली, आणि विचारलं, “माझी वाक्यं कुठायत?”

“सगळीकडे आहेत. एकूण एक्केचाळीस.”

“एकच वाक्य आहे, गमरे! एक्केचाळीस वेळा!”

“प्रत्येक वेळेला वेगळ्या प्रकारे म्हणायचं.”

“मी तीस वर्षं नायक आहे. मी ‘नंतर कळवू’ म्हणायला पूर्णगडला येऊ?”

तालीम तिथेच मोडली असती. पण खोक्यावर बसलेल्या विमलाबाई सहज म्हणाल्या, “शेट्येभावजी, बाकीच्या नाटकांत तुम्हाला मधे मधे विंगेत जावं लागतं. यात तुम्ही पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत समोर. एकदासुद्धा आत जायचं नाही.”

शेट्यांनी थोडा विचार केला. “बसून असणार ना?” त्यांनी विचारलं. “खुर्ची चांगली हवी.”

आता फक्त प्रयोगाचा परवाना उरला. जाहीर प्रयोगाआधी संहिता सरकारी कार्यालयात तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अर्ज भरणं हा गमऱ्यांचा प्रांत होता, त्यामुळे ते निश्चिंत होते. ‘नाटकाचे नाव’ या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात ‘नाव नंतर कळवू’ लिहिलं आणि अर्ज पाठवला. दहा दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता : ‘नाव कळविल्याशिवाय अर्जाचा विचार करता येणार नाही.’

गमऱ्यांनी खुलासा केला, की कळवलेलं आहे तेच नाव आहे. उत्तर आलं, की कळविण्यात येणारे नाव प्राप्त होताच पुढील कार्यवाही करण्यात येईल. गमऱ्यांना राग येईना. त्या टेबलावर ते स्वतः असते तर त्यांनी अक्षर न् अक्षर हेच लिहिलं असतं. अखेर फोन लावला. पलीकडे सानिका नावाची कर्मचारी होती.

“नाटकाचं नाव सांगा.”

“नाव नंतर कळवू.”

“आत्ता सांगा हो काका. नंतर माझा लंच आहे.”

“अहो ताई, तेच नाव आहे.”

“कोणतं?”

“नाव नंतर कळवू.”

मग सानिका कोणाला तरी म्हणाली, “रत्नागिरीचे आहेत, सरळ बोलत नाहीत.”

वीस मिनिटं हे चाललं. शेवटी गमऱ्यांनी नव्या अर्जावर लिहिलं : ‘नाव नंतर कळवू (हे नाटकाचे नाव असून ते कळविलेले आहे)’. प्रयोगाला तीन दिवस उरले असताना प्रमाणपत्र आलं. त्यावर नाटकाचं नाव कंसासकट छापलेलं होतं. मैनाताईंनी प्रमाणपत्राचा फोटो मागवला आणि नियमात राहून तस्साच फलक करून घेतला. पूर्णगडात शिरतानाच तो दिसत होता. ‘नाव नंतर कळवू (हे नाटकाचे नाव असून ते कळविलेले आहे)’, आणि खाली गमऱ्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला फोटो. दोन बायका त्याच्यासमोर उभं राहून हळहळताना गमऱ्यांनी टेंपोतून पाहिल्या.

टेंपो थांबला आणि मुसाभाईंनी सामान मोजलं. मग परत मोजलं. मग ते आपल्या नव्या गुडघ्यावर हळूच खाली बसले.

“खिडकी राह्यली,” ते म्हणाले.

सगळं नाटक ज्या खिडकीवर होतं ती खिडकी, मुसाभाईंनी आठ दिवस रंधा मारून केलेली, रत्नागिरीला गोदामाबाहेरच्या दगडी गडग्याला टेकून उभी होती. दुपारचे चार वाजले होते. सातला प्रयोग. शेट्यांनी ताबडतोब जाहीर केलं, की खिडकी नसेल तर त्यांना बसायला अर्थ नाही, आणि कॉलेजवालं नाटक त्यांना तोंडपाठ आहे. नाझियाचा चेहरा पडला. ती मागे वळून आईच्या घराकडे बघत राहिली.

गमरे आयुष्यात कधी वेळेवर चिडले नव्हते. पण आता त्यांचा आवाज चढला. “कॉलेज आज बंद आहे,” ते शेट्यांना म्हणाले. “मैनाताई, गावात कुठे जाळीची खिडकी आहे?”

मैनाताईंनी डोकं खाजवलं. मच्छीमारांच्या सोसायटीत होती. बर्फाच्या कुपनांचं काउंटर, लोखंडी जाळी, मधे हात जाईल एवढं भोक, फळी आणि चाकं. चार जणांनी ते ढकलत आणलं. त्याला बांगड्याचा आणि बोंबलाचा असा काही वास होता, की पहिल्या रांगेतली तीन मांजरं प्रयोग संपेपर्यंत उठली नाहीत. शेट्यांनी नाकाला रुमाल लावला. मुसाभाईंनी एक दिवा जाळीमागे ठेवून बघितला, जाळीची सावली शेट्यांच्या टकलावर पडली आणि मुसाभाई स्वतःशीच म्हणाले, “माझ्या खिडकीपेक्षा हीच बरी.”

सातला पडदा वर गेला. गमरे विंगेत स्टुलावर, संहिता मांडीवर, पेन्सिल कानावर. समोर सगळं गाव. पहिल्या रांगेत मांजरांच्या मागे खुर्चीवर फातिमाबी, पांढऱ्या ओढणीत, दोन्ही हात काठीवर.

नाझिया आली. ती शाळेच्या दाखल्यासाठी आलेली मुलगी होती, आणि गमऱ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं की तिला पुरवावं लागत नाही. शेट्ये म्हणाले, “नंतर कळवू.” प्रेक्षकांत कोणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या, तिसऱ्या वेळेला जास्त हसले. दहाव्या वेळेला मागून एक खलाशी शेट्यांच्या आधीच ओरडला, “नंतर कळवू!” आणि मग कोणी थांबेचना. नाझियाने कागद पुढे केला, की सगळं गाव एका सुरात म्हणायचं. बायका म्हणायच्या, गल्फहून सुट्टीवर आलेले म्हणायचे, शाळेचे मास्तर म्हणायचे. प्रत्येकाला ते कुठल्या ना कुठल्या खिडकीवर मिळालेलं होतं.

हाल झाले शेट्यांचे. होतं नव्हतं ते एक वाक्य, तेही प्रेक्षकांनी पळवलं. तिसाव्या वेळेपर्यंत ते नुसतं तोंड उघडून मिटत होते.

शेवटचा प्रवेश आला. नाझियाचे केस पांढरे, पाठ वाकलेली, हातात कागदांची पिशवी. संहितेप्रमाणे ती कागद पुढे करणार, कारकून शेवटचं ‘नंतर कळवू’ म्हणणार, बाई निघून जाणार, पडदा. नाझियाने कागद पुढे केला. गाव गरजलं. आणि शेट्ये, ज्यांच्यापाशी आता काहीच उरलं नव्हतं, ते खुर्चीवरून उठले. दोन अंकांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. जाळीतून तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले,

“बसा बाई. पाणी घ्या.”

मागचा खलाशी खुर्चीवर उभा राहून बघू लागला.

नाझिया अडकली. पुढे वाक्य नव्हतं. तिने विंगेकडे पाहिलं. गमऱ्यांनी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. तिथे ‘पडदा’ एवढंच लिहिलेलं होतं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं, की कोणीतरी त्यांच्याकडे बघावं आणि कागदावर काही नसावं. मग त्यांनी, न लिहिलेलं, कोणाचंच नसलेलं, अगदी हळू पुरवलं : “बस ना गं. दमलीस.”

नाझिया खाली बसली. शेट्यांनी स्वतःचा पाण्याचा पेला जाळीच्या भोकातून पुढे केला. ती पाणी पिऊ लागली, घटाघटा, खरोखर तहान लागल्यासारखी. आणि पहिल्या रांगेतून फातिमाबींचा आवाज आला, “सावकाश पी गो, ठसका लागंल!”

आधी सगळं गाव हसलं. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या पडदा पडला तरी चालूच राहिल्या. पडदा ओढणारे मुसाभाई डोळे पुसत होते, आणि विचारलं तर म्हणाले मासळीचा वास जातो डोळ्यांत.

नंतर मैनाताई शाल आणि नारळ घेऊन रंगमंचावर आल्या. सवयीप्रमाणे शेट्ये पुढे झाले आणि त्यांनी मान किंचित झुकवली. मैनाताई थांबल्या. “लेखक कोण?” त्यांनी विचारलं. शेट्ये क्षणभर तसेच झुकलेले राहिले. मग सरळ झाले, विंगेत गेले, गमऱ्यांना दंडाला धरून उजेडात आणलं, मैनाताईंच्या हातातली शाल घेतली आणि स्वतः त्यांच्या खांद्यावर घातली. उलटी घातली, पण घातली.

“गमरे,” ते कानाशी म्हणाले, “पुढच्या नाटकात मला दोन वाक्यं द्या.”

“तुम्ही आजच घेतलीत,” गमरे म्हणाले. “लेखकाला न विचारता. हे मला मुळीच पसंत नाही.” हे बोलताना आपला आवाज विंगेतला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं.

गर्दी पांगल्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि सोसायटीच्या काउंटरवरच संहिता उघडून ती दोन वाक्यं शेवटच्या पानावर घातली. स्वतःचं एक घातलं. मग शाल सावरत फातिमाबींपाशी गेले. नाझिया आईच्या पायाशी, पांढऱ्या रंगाच्या केसांसकट बसली होती.

“फातिमाबी, तुमचं वाक्य नाटकात ठेवतोय,” गमरे अदबीने म्हणाले. “आपली हरकत नाही ना?”

“ठेवा की. पन पुढल्या खेळाला पोरीला पाणी थंड द्या.”

“पुढल्या खेळाला ही नसेल. कतारला असेल.”

फातिमाबींनी नाझियाच्या डोक्यावर हात ठेवला. पांढरा रंग त्यांच्या बोटांना लागला, तो त्यांनी ओढणीला पुसला.

“मग जी कोन असंल, तिला द्या,” त्या म्हणाल्या. “तीबी कुनाची तरी पोर असंल ना.”

गमऱ्यांनी तेही लिहून घेतलं.